मशीननं मानलेली माळ

रक्त लाल असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते पिवळंही असतं, हे आम्हा लॅबवाल्यांना ठाऊक. नळीत घेतलेलं रक्त थोडा वेळ हलवलं नाही की दह्यासारखं विरजतं, त्याची गुठळी होते. मग ती नळी गरगर फिरणाऱ्या यंत्रात घातली की लाल गाळ तळाशी बसतो आणि वर पातळ, आरपार दिसणारं पाणी उरतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. धडधाकट माणसाचं सीरम गव्हाच्या वाळल्या काडीच्या रंगाचं असतं. साखर, चरबी, किडनी, लिव्हर, सगळ्यांच्या चहाड्या हेच पाणी करतं. आमच्या नातेवाइकांत मला अजून टोमणा मारतात, की उभा जन्म लोकांना सुया टोचण्यात घालवलास, मिळवलंस काय? मी म्हणते, रंग पाहिले बाई, फार रंग पाहिले.

माझं घर नशिराबादला आणि लॅब जळगावात. तळमजल्यावर आमची लॅब, वरच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आणि थोड्या खाटा. डॉक्टरांना सगळे नुसतंच 'सर' म्हणत. इमारत जुनी. बायकांसाठी वेगळी सोय नव्हती. मागच्या गल्लीत सगळ्या दुकानांचं मिळून एक मोरीवजा शौचालय होतं, त्यालाही आतून कडी नव्हती. त्यामुळे सकाळी घरून निघताना घोटभर चहा घ्यायचा आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, ही आमची शिस्त. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आजारपण दुसऱ्यांना असतं, आपण तपासणारे, असाच आमचा तोरा होता.

पिवळा रंग फसवतोही. एकदा एक किराणा दुकानदार घाबराघुबरा आला. तळहात पिवळेधमक. घरात रडारड झालेली. सीरमही नारिंगी झाक मारत होतं. आणि काविळीची तपासणी केली तर अगदी साफ! खोदून खोदून विचारल्यावर कळलं, कुणीतरी सांगितलं म्हणून चष्मा घालवायला गडी रोज गाजरं खात होता. गाजराचा रंग कातडीत उतरला होता. त्याचे डोळे मात्र पांढरे स्वच्छ होते, आणि कावीळ आधी डोळ्यांत दिसते. तो बिचारा खूश होऊन आम्हाला पेढे द्यायला आला, चष्मा लावूनच.

खरी कावीळ म्हणजे लिव्हरची तक्रार. शरीरातला मोडका माल साफ करून बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. ते थकलं की पिवळा रंग रक्तात साठतो. आणि लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतला माल रक्तात सांडतो. तो आम्ही मोजतो. गोदामातलं धान्य रस्त्यावर दिसलं, तर भिंत कुठंतरी फुटली हे सांगायला शहाणा लागत नाही. ती कशानं फुटली हे मात्र आमचं मशीन सांगत नाही.

आमच्या खानदेशात कावीळ झाली की लोक दोन ठिकाणी जातात, एक डॉक्टरकडे आणि एक माळवाल्याकडे. माळ म्हणजे कसल्याशा ओल्या मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले. ती डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी ती वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. मी एकदा एक माळ आणून लॅबच्या टेबलावर ठेवली होती. कुणाच्याही गळ्यात न घालता ती हातभर वाढली. ओली मुळी वाळून आक्रसते, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. एवढंच ते. त्या दिवसापासून माळ घालून येणाऱ्या पेशंटची मी फिरकी घेत असे. "टेबलाला कावीळ झाली होती हो, बरी झाली!" असं सांगायचे.

ही माझी फिरकी सुमनअक्कानं बंद पाडली.

अक्का रावेर तालुक्यातली. साठीच्या आसपासची, उंच, काटक, नाकात मोठी चमकी. घरची केळी, आणि रस्त्याला लागून स्वतःचं पॅकिंगचं शेड. घड येतात, फण्या सुट्या करून धुतात, खोक्यांत भरतात, ट्रक दिल्लीकडे जातो. फण्या निवडायला बसणाऱ्या बायकांवर अक्काचं राज्य होतं. मुलगा प्रमोद हिशेब आणि ट्रक बघायचा. पहिल्यांदा तोच तिला घेऊन आला. डोळे हळदीसारखे, तोंडाला चव नाही, अंगाला खाज. सीरम मोहरीच्या तेलासारखं निघालं.

सरांनी सगळं तपासलं. पाण्यातून होणारी कावीळ नाही, रक्तातून होणारी नाही, सोनोग्राफीत खडा नाही. दारूचा प्रश्नच नव्हता. सरांनी विचारलं, "अक्का, दुसरं कुठलं औषध चालू आहे का? झाडपाला, काढा, काहीही?"

"काहीच नही बाप्पा," अक्का म्हणाली. "मी कसाची औषदं घेते!"

प्रमोदनंही मान हलवली. आईला आयुष्यात ताप आलेला त्याला आठवत नव्हता.

सर म्हणाले, आठवड्यानं परत दाखवा. पण ही मंडळी तडक दोंडाईच्याची गाडी पकडून तिकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्या माळवाल्याकडे गेली. सगळे त्याला आबा म्हणत. महिन्याभरानं अक्का आली ती छातीवर माळ मिरवत. मी रक्त घेतलं, नळी फिरवली आणि बघते तर सीरम पुष्कळ निवळलेलं. सांडलेला मालही निम्म्याहून कमी. मी मनात म्हटलं, असतं एखाद्याचं नशीब. काही काविळी आपल्या पायांनी येतात, आपल्या पायांनी जातात.

पुढं माळ उतरली, नदीत सोडली, नारळ फुटला. आणि चार-दोन महिन्यांत अक्का पुन्हा पिवळी होऊन दारात.

पुन्हा त्याच तपासण्या, पुन्हा काही सापडेना. पुन्हा दोंडाईचा, पुन्हा माळ. आणि पुन्हा सीरम निवळलं! या वेळी मला माझ्याच कामाचा संशय आला. नळ्या बदलल्या असतील, मशीन बिघडलं असेल, म्हणून मी तपासणी दोनदा लावली. आकडा हलला नाही. प्रमोद रिपोर्ट घेऊन हसत म्हणाला, "ताई, बघा. तुमचं मशीन बी मानतं माळेला."

ज्या माळेची मी जन्मभर थट्टा केली, तिच्या बाजूनं माझंच मशीन साक्ष देत होतं. माळ गळ्यात आली की कावीळ उतरते, माळ गेली की चढते. एकदा झालं तर योगायोग, दोनदा? खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी त्या मुळीचा विचार करत होते. जगात आपल्याला न कळणारं काही असतं, असं प्रथमच मनापासून वाटलं, आणि ते वाटणं मला आवडलं नाही.

तिसऱ्यांदा अक्का आली ती प्रमोदच्या खांद्यावर मान टाकून. पायांना सूज, पोट फुगलेलं, बोलणं संथ झालेलं. मी रक्त घेतलं, कापूस दाबला, नळी स्टँडवर उभी केली. दुसरी कामं आटोपून परत येऊन बघते, तर नळीतलं रक्त तसंच पातळ. हलवलं की पाण्यासारखं हिंदकळत होतं. गुठळी धरेना. तिकडं टोचलेल्या जागेवरचा कापूस भिजून लाल झालेला. रक्त गोठवणारा मसाला लिव्हरच बनवतं. तो बनवायचं त्यानं जवळजवळ सोडून दिलं होतं. इतक्या वर्षांत अशा नळ्या मी पाहिल्या होत्या, आणि त्यांची माणसं पुढं कुठं गेली तेही पाहिलं होतं.

सर स्वतः खाली आले. नळी हातात घेऊन त्यांनी तिरकी केली, सरळ केली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "प्रमोद, आईला आत्ता ॲडमिट करायचं."

"सर, तुमच्याबद्दल काही नाही," प्रमोद हात जोडून म्हणाला. "पण दोनदा आबांच्या माळेनंच आई उठली. गाडी भाड्यानं सांगितली आहे. आधी दोंडाईचा, मग तुम्ही म्हणाल ते."

त्या अवस्थेत एवढा प्रवास म्हणजे अक्का वाटेतच जायची. मी तोंड उघडणार होते, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं ते देव जाणे. पण सर शांत होते. म्हणाले, "माळ लागू पडली हे मी पण पाहिलं ना. रिपोर्ट माझ्याकडेच आहेत. आबांना फोन लाव. कशी लागू पडते ते मलाही शिकायचं आहे."

मला वाटलं, सर वेळ काढताहेत. प्रमोदनं फोन लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून बकऱ्यांचे आवाज आणि एक खणखणीत म्हातारा आवाज आला. सरांनी रामराम केला आणि सरळ विचारलं, "आबा, तुमच्या माळेत काय आहे?"

आबा हसले. "माळमा काय शे डाक्टर? मुळी शे नि दोरा शे. पथ्यमा बठ्ठं शे."

"सगळं पथ्यात? मग पथ्य काय सांगता?"

"तेल नही, हळद नही, आंबट नही. ऊसना रस पेवाना. नि माळ गळामा शे तवपावत डाक्टरनी एक बी गोयी पोटमा जावाले नको. मना बाप हाईच सांगे, मी बी हाईच सांगस."

माळ गळ्यात असेपर्यंत डॉक्टरची एकही गोळी नाही! सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणसाला अंधारात भिंत चाचपताना अचानक दाराची कडी हाताला लागावी, तसं झालं. त्यांनी आबांचे आभार मानले, फोन ठेवला आणि अक्काकडे वळले. "अक्का, माळ घातली तेव्हा कोणती गोळी सोडली होती?"

अक्कानं डोळे उघडले. प्रमोदकडे पाहिलं. पदर पुढं ओढला.

सर म्हणाले, "प्रमोद, वर जाऊन खाट तयार करायला सांग." तो गेला. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही विचारा," आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी अक्काच्या जवळ बसले. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि अर्धी वापरलेली गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली.

"हे रातची गोयी. लघवीची," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पण हे औषद थोडी हाये? हे तं मी रोजच घेते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. अक्काला वर्षानुवर्षं लघवीला आग होण्याचा त्रास. पुन्हा पुन्हा ताप, थंडी, पोटात कळा. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी तो पुन्हा होऊ नये म्हणून रोज रात्री एक अँटिबायोटिकची गोळी थोडे महिने घ्यायला सांगितली होती. गोळी लागू पडली. मग अक्कानं ती सोडलीच नाही. डॉक्टरांना पुन्हा दाखवलं नाही. मेडिकलमध्ये रिकामी पट्टी पाठवली की भरलेली मिळायची. दोनेक वर्षं हे चाललं होतं. घरात फक्त सुनेला माहीत. या गोळीनं लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका, असंही त्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं. त्यामुळे कावीळ सुरू झाली तेव्हा लघवी आणखी गडद झाली, तरी अक्का घाबरली नाही. आबांनी सांगितलं म्हणून तेवढ्यापुरती गोळी बंद व्हायची. माळ नदीत सोडली की त्या रात्रीपासून पुन्हा सुरू.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," सर खिडकीतून वळून म्हणाले. "पण पोरासमोर विचारलं."

त्यांनी अक्काला नीट समजावलं. गोळी वाईट नाही. थोड्या दिवसांसाठी हजारो बायकांना तिनं बरं केलं आहे. पण फार लांबवली तर एखाद्या माणसाचं लिव्हर तिच्याशी वैर धरतं. कुणाचं धरेल ते आधी सांगता येत नाही. आणि एकदा धरलं की दर वेळी ओळख लागते आणि राग वाढतच जातो. आता ही गोळी जन्मात नाही.

अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं मरणाच्या भीतीनं. ती म्हणाली, "ताई, तुले सांगते, या गोयीनं मले माणसात आणलं. आधी मी लग्नाले जाये नही, गाडीत बसे नही. आता मी पुन्हा तशीच आगीनं जयत राहू का?"

"अक्का, पाणी भरपूर प्यायचं," सर म्हणाले. "आणि लघवी कधी तुंबवायची नाही. निम्मं दुखणं त्यातच आहे. उरलेल्याचं मी बघतो."

"तुंबवू नको म्हणता. मंग जाऊ कोठी?" सुस्तावलेल्या त्या बाईच्या आवाजाला एकाएकी धार आली. "शेडवर सकायपासून ट्रक, डायवर, हमाल, व्यापारी. रस्त्यावर उघडं मैदान. आम्ही बाया सकायी पाणी पितो ते अंधार पडल्यावरच. बठ्ठ्या बाया अशाच बसता."

माझ्या टेबलाखाली माझी पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशीच भरलेली होती.

त्यानंतरचे दिवस सरांचे आणि अक्काच्या लिव्हरचे. मला रोज वर जाऊन रक्त घ्यायचं असायचं. पहिले काही दिवस काहीच हललं नाही. सीरम तसंच गडद, रक्त तसंच पातळ. प्रमोद जिन्यात बसून असायचा. त्याला सरांनी सगळं सांगितलं होतं, तरी तो मला विचारायचा, "ताई, माळ आणू का? नुसती उशाशी ठेवू?" मी म्हटलं, आण बाबा. आबांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर माळ पाठवून दिली. ती मीच माझ्या हातानं अक्काच्या खाटेला अडकवली. हो, मीच.

आणि मग एका सकाळी मी नळी स्टँडवर ठेवली, जरा वेळानं उचलली आणि सवयीनं तिरकी केली. रक्त हिंदकळलं नाही. आणखी तिरकी केली. जिवाचा धडा करून पूर्ण उलटी केली. गुठळी नळीला धरून बसली होती, पडली नाही. मी ती उलटी नळी तशीच हातात धरून जिना चढून सरांकडे पळाले. वाटेत प्रमोदला दाखवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून तो रडायला लागला.

तिथून पुढं मी जे पाहिलं ते आजही सांगताना अंगावर काटा येतो. मोहरीच्या तेलासारखं सीरम मधासारखं झालं, मग चहाच्या फिक्या पाण्यासारखं, मग एक दिवस ते गव्हाच्या काडीच्या रंगावर आलं. सगळं मिळून चांगले काही महिने गेले. किडनी बिघडली की बिघडते, हृदयाचा तुकडा मेला की मेलाच. हे एक लिव्हर असं आहे की मार थांबला की ते आपल्या फुटक्या भिंती आपणच बांधायला लागतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही. किती वर्षं मी त्याचे आकडे कागदावर उतरवले होते! पण ते काम करताना मी त्याला पाहिलं ते अक्काच्या नळ्यांत. देवळात जाऊन माझे हात जितके मनापासून जुळत नाहीत, तितके त्या स्टँडपुढं जुळले.

आबांचं काय म्हणाल, तर मी त्यांना हसत नाही. त्यांच्या एका अटीनं अक्काला दोनदा मरणाच्या दारातून ओढून आणलं. पण त्याच अटीपायी साखरेच्या, झटक्याच्या गोळ्या सोडून बसलेले पेशंटही आमच्याकडे आले आहेत, आणि त्यातला एक तरुण मास्तर आम्हाला वाचवता आला नाही. पथ्य एकच, एकाला तारतं आणि दुसऱ्याला मारतं. सरांनी आबांना पुन्हा फोन करून हे सांगितलं. आता माळ द्यायच्या आधी ते 'कोणती गोयी खातस?' विचारतात आणि पट्टी बघितल्याशिवाय दोऱ्याला हात लावत नाहीत. पट्टी निघाली की आधी डॉक्टरकडे पिटाळतात.

अक्काला घरी सोडायचं त्या दिवशी सरांनी प्रमोदला पथ्यपाणी समजावलं. अक्का खाटेवर पाय सोडून बसली होती. मध्येच ती म्हणाली, "प्रमोद, शेडवर आम्हा बायांसाठी संडास बांध. आतून कडीचा. नयाचं पाणी लागीन."

प्रमोद खाली बघायला लागला. ट्रक कुठं उभा करायचा, खोकी किती मागवायची, हे त्या शेडवर रोज बोललं जायचं. हा शब्द आई-मुलात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तो म्हणाला, "बांधतो."

निवृत्त झाल्यावर मी एकदा रावेरकडे गेले तेव्हा शेडवर उतरले. घड उतरत होते, ट्रकवाले ओरडत होते. कोपऱ्यात दोन पक्क्या खोल्या, निळे दरवाजे. एका दरवाज्याच्या खिळ्याला वाळून कोळ झालेली माळ लटकत होती. मी बोट दाखवलं तशी अक्का गालात हसली.

"इचा मान इथीच," ती म्हणाली.

कामाच्या ऐन घाईत बायका उठत होत्या, माठातलं पाणी घटाघटा पीत होत्या आणि पुन्हा फण्यांपाशी येऊन बसत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अक्कानं तांब्या भरून माझ्यापुढं धरला. पुढं परतीचा प्रवास होता. माझा हात सवयीनं नको म्हणायला वर गेला.

"घे ताई, पोटभर पी," अक्का म्हणाली. "सोय हाये."